जुन्या एम-थ्रीची टकटक आणि थरथर: इंजिन उतरवायच्या आधी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २००९ ची बीएमडब्ल्यू एम-थ्री, व्ही-एट इंजिन, डबल क्लच गिअरबॉक्स, ७८ हजार किलोमीटर. गेल्या दिवाळीत मुंबईहून घेतली, आता धुळ्यात आहे. सकाळी पहिला स्टार्ट मारला की दोन-तीन मिनिटं टकटक, मग कमी होते. सिग्नलला उभी असताना थरथरते, एसी लावला की जास्त. हायवेला शंभर-एकशे दहाच्या दरम्यान सीटखाली आणि स्टिअरिंगला वेगळीच थरथर. एक गॅरेजवाला म्हणाला इंजिन उतरवावं लागेल, आठ-नऊ लाख धरून चला. दुसरा म्हणाला इंजेक्टरचा आवाज आहे, बिनधास्त चालवा. कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

सध्या दोघांचंही ऐकू नका. दोघांनीही तीन तक्रारी एका पिशवीत भरल्या आणि एकच नाव दिलं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात, आणि त्यांची कारणंही बहुधा वेगळी निघतील. शिवाय एक चौथी गोष्ट आहे जी तुम्ही विचारलीच नाही, आणि या इंजिनात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. त्यावर पुढे येतो.

मी आधी पुण्यात जर्मन गाड्यांवर काम केलं, आता बरीच वर्षं जळगावात माझं स्वतःचं गॅरेज आहे. गाडी समोर नसताना निदान करता येत नाही, म्हणून खाली जे लिहितोय ते निदान नाही. कुठून सुरुवात करायची आणि कुठल्या उत्तरानंतर कुठं वळायचं, तेवढं सांगतो.

कुठलाही आवाज आला की मी पहिल्यांदा ‘कसला आवाज’ हे विचारत नाही. तो कशाशी बांधलेला आहे हे बघतो. इंजिनाच्या फेऱ्यांशी, चाकाच्या फेऱ्यांशी, भाराशी की तापमानाशी? इंजिन आयडलला (गाडी उभी, पाय ॲक्सिलरेटरवर नाही) समजा ९०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ९०० फेऱ्यांवर आहे. म्हणजे क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणारा दांडा) सेकंदाला १५ फेऱ्या मारतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने फिरतो, म्हणून व्हॉल्व्ह, टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधली टोपी), इंजेक्टर यांचा आवाज सेकंदाला साडेसात वेळा येतो. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडकडचा (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) ठोका बहुतेक वेळा पूर्ण वेगाने येतो. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, आयडलर यांच्या पुल्या लहान-मोठ्या, त्यामुळे त्यांचा ताल या दोन्हींत बसत नाही.

कानाने सेकंदाला १५ ठोके मोजता येत नाहीत. पण आता सगळ्यांच्या खिशात फोन आहे. बॉनेट उघडून ३० सेकंद रेकॉर्ड करा, आरपीएमचा काटाही कुणाकडून व्हिडिओत घ्या, आणि आवाज चारपट सावकाश करून ऐका. साडेसातचे दोनच्या जवळ होतात, ते सहज मोजता येतात. एक काळजी घ्या: फोनचा माइक आवाज आपोआप कमी-जास्त करतो, त्यामुळे ‘व्हिडिओत फार मोठा वाटतोय’ यावर जाऊ नका. ताल मात्र तो खोटा दाखवत नाही.

आता तुमची सकाळची टकटक. ती गरम झाल्यावर कमी होते, हे चांगलं लक्षण आहे. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजायला लागलं की ते उलट वागतं. थंड ऑइल जाड असतं, ते ठोका झाकून ठेवतं. ऑइल तापून पातळ झालं की आवाज वर येतो. आणि तो टकटक नसतो. बंद दारावर कुणी आतून मुठीने ठोकावं तसा जड असतो, पायाखालच्या पत्र्यात जाणवतो. तुम्ही लिहिलंय ते शिलाई मशीनसारखं, हलकं आणि वरून येणारं. या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं आणि भरेपर्यंत ते वाजतात. तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा गाडी काढता म्हणता, तेव्हा हे अगदी शक्य आहे.

दुसरी शक्यता एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) गॅस्केटची. तिथून थोडी हवा फुटत असली तरी अगदी अशीच टिकटिक येते, आणि धातू तापून फुगला की फट बुजते, आवाज जातो. ओळखायला सोपं: थंड इंजिनावर, स्टार्ट मारल्या मारल्या मॅनिफोल्डच्या जोडापाशी टॉर्च मारा, काजळीची काळी रेघ दिसते का बघा. तिसरी शक्यता थंडीत पिस्टन सिलिंडरमध्ये हलण्याची, तोही तापल्यावर शांत होतो. हे ठरवायला स्कॅनरवरून एकेका सिलिंडरचा इंजेक्टर बंद करून बघतात. ज्या सिलिंडरला आवाज नरम पडला तिथं पिस्टन किंवा रॉडचा संबंध; कुठंच फरक पडला नाही तर टॅपेट किंवा बाहेरचं काही. कॉइलची पिन काढून हीच चाचणी करणारे आहेत, त्यांना करू देऊ नका. स्पार्क नाही पण पेट्रोल चालू, ते न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागडा भाग खराब होतो.

‘इंजेक्टरचा आवाज आहे’ हे मला पटलं नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या नव्या इंजिनांत इंजेक्टर खरंच जोरात वाजतात, आणि गाडी गरम झाली तरी वाजतच राहतात. तुमच्या इंजिनात पेट्रोल इनटेकच्या मार्गात कमी दाबाने सुटतं. तिथं इंजेक्टर एवढा ऐकू येत नाही, आणि आला तरी तीन मिनिटांनी गप्प होणार नाही.

बेल्ट काढून थंड इंजिन अर्धा मिनिट चालवलं तर बेल्टवरचं सगळं सामान एका झटक्यात बाजूला पडतं. आवाज गेला तर टेन्शनर, आयडलर, पंप, अल्टरनेटर यांत शोधायचं. अर्ध्या मिनिटाच्या वर नाही, पाणी फिरत नसतं.

आता ती चौथी गोष्ट. तुमच्या इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची झीज हा या इंजिनाचा जगभर माहीत असलेला नाजूक भाग आहे. चार लिटरचं इंजिन ८४०० आरपीएमपर्यंत जातं, बेअरिंगमधली फट कमी आणि ऑइल १०डब्ल्यू-६० इतकं जाड. थंड इंजिनाला जोरात रेस दिली की तिथं पुरेसं ऑइल पोचत नाही आणि शेल, म्हणजे बेअरिंगचे अर्धगोल पातळ पत्रे, घासतात. यातली खरी अडचण अशी की ती झीज बहुतेक वेळा आवाज करत नाही. आवाज येतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. म्हणून तुमची टकटक टॅपेटची निघाली तरी बेअरिंग चांगली आहेत असं सिद्ध होत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी शोधावी लागतात.

हे मी चूक करून शिकलो. दहा-एक वर्षांपूर्वी बोदवडकडचे एक जिनिंगवाले त्यांची व्ही-एट गाडी घेऊन आले होते, दुसऱ्या कंपनीची. सकाळची टकटक. मी स्टेथोस्कोप लावला, टॅपेट म्हणालो, आणि ते टॅपेटच होतं. माझं उत्तर बरोबर होतं आणि मी तिथंच थांबलो. फिल्टर उघडून बघितला नाही. तीन आठवड्यांनी मुक्ताईनगरजवळ हायवेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. गाडी टोचनने आणली तेव्हा खालच्या प्लॅस्टिकच्या ट्रेवर अर्धा रॉड पडलेला होता, आणि बेअरिंगचा शेल उसाच्या चिपाडासारखा पातळ, निळा-काळा पडलेला. त्या माणसाने मला एक शब्द सुनावला नाही. पण फिल्टर उघडायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती पंधरा मिनिटं मी दिली नव्हती. तेव्हापासून अशी कुठलीही गाडी आली की तक्रार काहीही असो, फिल्टर उघडतोच.

तुमच्या गाडीत फिल्टर कागदी कार्ट्रिजचा आहे, पत्र्याचा डबा कापावा लागत नाही. झाकण उघडा, फिल्टर थोडा वेळ निथळू द्या. मग कागदाच्या घड्या ब्लेडने कापून स्टीलच्या पांढऱ्या स्वच्छ थाळीत पसरवा, थोडं पेट्रोल ओतून हलवा आणि थाळी उन्हात धरा. ट्यूबलाइटखाली हे दिसत नाही, ऊनच लागतं, आणि ऊन आपल्याकडे भरपूर. कण दिसले की थाळीच्या तळाखालून चुंबक फिरवू नका, बऱ्याच थाळ्यांना स्वतःलाच चुंबक चिकटतो. कण कागदावर घ्या आणि कागदाखालून फिरवा. चुंबकामागे धावले ते लोखंडी: टॅपेट, कॅम, चेन या बाजूचे. जे जागचे हलले नाहीत ते ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचे. २००९ च्या तुमच्या इंजिनात बेअरिंगवर शिसं आणि तांब्याचे थर आहेत, आणि शिसं-तांबं चुंबकाला दाद देत नाहीत. त्यामुळे कुणी ड्रेन प्लगला चुंबक लावून ‘काही नाही, साफ आहे’ म्हणालं तर त्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. राखाडी चकचकीत पापुद्रे आणि त्यात तांबूस झाक दिसली तर गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. मी जळगावच्या सराफ बाजारातल्या एका सुवर्णकाराकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलंय, त्याखाली तांब्याचा कण आणि करपलेल्या ऑइलचा कण यातला फरक लगेच कळतो.

दुसरा पुरावा ऑइलच्या लॅब तपासणीचा. यात शिसं, तांबं, कथील, लोखंड किती आहे ते आकड्यात मिळतं. पण तुम्ही लिहिलंय की ऑइल ८०० किलोमीटरपूर्वीच बदललं. इतक्या नव्या ऑइलचा नमुना फारसं काही सांगणार नाही. आकडे कमी आले तर हुरळून जाऊ नका. तीन-चार हजार किलोमीटर चाललेलं ऑइल, गरम असताना, निम्मं वाहून गेल्यावर मधल्या धारेतून कोऱ्या बाटलीत घ्यायचं. आणि एका रिपोर्टपेक्षा दोन रिपोर्टमधला फरक जास्त बोलतो.

त्याच ओघात: विकणाऱ्याकडून शेवटचं ऑइल कुठल्या ग्रेडचं घातलं ते विचारून घ्या. या इंजिनाला कंपनीने १०डब्ल्यू-६० सांगितलं आहे, जवळपास नऊ लिटर लागतं. सेकंडहँड गाड्या विकताना हाताशी असलेलं ऑइल ओतून देतात हे मी बघितलंय. उत्तर मिळालं नाही तर ऑइल-फिल्टर पुन्हा बदला, फिल्टर बघायची संधीही मिळेल. आणि तोपर्यंत मीटरमधला ऑइल तापमानाचा काटा वर येईपर्यंत रेस देऊ नका. आरपीएमच्या मीटरवरचे पिवळे-लाल दिवे थंडीत खाली असतात आणि ऑइल तापेल तसे वर सरकतात; ते दिवे याचसाठी दिलेत.

आता उभ्या गाडीची थरथर. आधी एवढंच करा: बॉनेट उघडून एक हात इंजिनावर (पंखा आणि बेल्टपासून लांब) आणि दुसरा बॉडीच्या पत्र्यावर ठेवा. इंजिन एकसारखं चालतंय पण पत्रा थरथरतोय, तर इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर टेकतं ते, खराब झाले आहेत. इंजिन स्वतःच मध्येच उचकी दिल्यासारखं हलतंय, तर मिसिंग आहे, म्हणजे एखादं सिलिंडर मध्येमध्ये पेट घेत नाही. आठ सिलिंडरपैकी एक चुकलं की क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक धक्का बसतो, तोच सेकंदाला साडेसातचा ताल. हा ताल हाताला नीट कळतो.

तुमचे फाउंडेशन आतून ऑइल भरलेल्या रबराचे आहेत. गाडीचं वय बघता ते मूळचेच असतील तर संपले असं समजा. रबराखाली ओघळलेला काळा डाग दिसला तर शंकाच नको. एसी लावल्यावर थरथर वाढते हेही त्याला जुळतं, कारण कॉम्प्रेसरचा भार येतो आणि पुढचा पंखाही जोरात सुटतो. पण पंख्याच्या पात्यावर एका बाजूला चिखल बसला असेल तर तो पंखा एकटाच गाडी हलवू शकतो, तेही बघा. बऱ्याच ठिकाणी फाउंडेशन तपासायला ब्रेक दाबून गाडी ‘डी’ मध्ये टाकतात. ती पद्धत टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकची आहे. तुमच्या डबल क्लचमध्ये गाडी उभी असताना क्लच सुटलेला असतो, इंजिनावर भार येतच नाही. त्या चाचणीवरून कुणी फाउंडेशन पास केले असतील तर तो निकाल धरू नका.

मिसिंग निघालं तर प्लग, कॉइल, इनटेकच्या रबरातली हवेची गळती, याच क्रमाने जा. साध्या स्कॅनरवर एरर कोड नसला म्हणजे मिसिंग नाही असं नाही. कोड पडायला चुकांची एक ठरावीक संख्या लागते, त्याच्या आतल्या चुका फक्त सिलिंडरनिहाय मोजणी दाखवणाऱ्या चांगल्या स्कॅनरवर दिसतात. पेट्रोलचंही एक आहे. १२ ला १ कॉम्प्रेशनचं इंजिन आहे, ९५ ऑक्टेन मिळेल तिथूनच भरा. कन्नडचा घाट चढताना पत्र्याच्या डब्यात तूर ओतल्यासारखा बारीक आवाज आला तर तो पेट्रोलचा, बेअरिंगचा नव्हे. कॉम्प्युटर टायमिंग मागे घेऊन इंजिन सांभाळतो, पण मग पिकअप मेल्यासारखा वाटतो.

राहिली हायवेची थरथर, आणि ही बहुधा सगळ्यात स्वस्तात सुटेल. पारोळा-एरंडोलकडे मोकळा पट्टा मिळाला की शंभरचा वेग धरा आणि त्याच वेगाला सातव्या गिअरमधून पाचव्यात या. सातव्यात इंजिन अडीच हजारांच्या आसपास असतं, पाचव्यात साडेतीन हजारांच्या जवळ. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिनाचा संबंध नाही, ती चाक आणि प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) बाजूची आहे. तुमच्या टायरची एक फेरी साधारण २.१ मीटरची, म्हणजे शंभरला चाक सेकंदाला १३ वेळा फिरतं. चाकाची थरथर सावकाश, हातात मोजता येईल अशी असते. प्रोपेलर शाफ्ट त्याच्या तिप्पट वेगाने फिरतो, सेकंदाला ४० च्या आसपास. ती थरथर घुमल्यासारखी, सीटमध्ये मुंग्या आल्यासारखी वाटते. स्टिअरिंग हलतंय तर पुढची चाकं आधी. सीटखालची जास्त असेल तर मागची चाकं आणि शाफ्टचं रबर कपलिंग बघा, त्याला बोल्टपासून सुटलेल्या भेगा पडतात.

आणि चाकं काढून रिमची आतली बाजू बघितल्याशिवाय बॅलन्सिंगला पैसे देऊ नका. आपली काळी माती पावसात एकदा रिमच्या आत बसली की सिमेंटसारखी वाळते. गेल्या श्रावणात अमळनेरची एक गाडी आली होती, दोनदा बॅलन्सिंग झालेली, थरथर तशीच. मागच्या एका रिममधून मी खुरप्याने खरवडून ओंजळभर ढेकूळ काढलं, खाली टाकलं तर फुटलं नाही. माती असताना बॅलन्सिंगची वजनं लावली होती, पुढच्या पावसात अर्धी माती धुऊन गेली आणि हिशेब पुन्हा बिघडला. रिम वाकलेली आहे का तेही तिथंच कळेल.

म्हणजे क्रम असा: चाकं आणि गिअरची चाचणी, मग दोन हातांची चाचणी, मग फोनवरचा ताल, आणि या सगळ्याच्या आधी फिल्टर. फिल्टरचं उत्तर हातात येईपर्यंत गाडी जोरात चालवू नका.

आता इंजिन उतरवण्याबद्दल. ते कशावर अवलंबून आहे ते सांगतो. फिल्टर स्वच्छ निघाला आणि बेअरिंग आधी बदलल्याचं बिल सापडलं, तर काही करायचं नाही, ऑइलचे रिपोर्ट काढत राहा. फिल्टर स्वच्छ, पण बिल नाही, तर मी स्वतः वर्षभराच्या आत बेअरिंग बदलून घेईन, ७८ हजाराला नशिबावर सोडणार नाही. फिल्टरमध्ये धातू निघाला तर लगेच. पण तिन्ही वेळा इंजिन उतरवायची गरज नाही. इंजिनाला वरून आधार देऊन पुढची क्रॉस मेंबर (इंजिनाखालचा आडवा सांगाडा) खाली घेतात, ऑइल चेंबर उघडतात आणि आठही रॉडची बेअरिंग गाडीखालूनच बदलता येतात. रॉडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, नवेच घालायचे. क्रँकवर रेघा निघाल्या, नखाला अडकल्या, तरच पुढचा मोठा खर्च. आणि एवढं उघडलं की दोन्ही इंजिन फाउंडेशन समोरच असतात. त्याच मजुरीत बदलून घ्या. तुमची आयडलची थरथर त्यातच जाईल असं मला वाटतं.

ज्याने आठ-नऊ लाख सांगितले त्याला एवढंच विचारा: फिल्टरमध्ये काय निघालं, दाखवा. आणि खालून करता येत असताना इंजिन का उतरवायचं? त्याच्याकडे नीट उत्तर असू शकतं, ब्लॉक किंवा क्रँकमध्ये त्याने काही बघितलं असेल. उत्तर नसेल तर चावी परत घ्या.

फिल्टर घरच्या घरी उघडणं जमणार नसेल तर धुळ्यातला कुठलाही काळजीने काम करणारा मिस्त्री ते करेल, फक्त तुम्ही शेजारी उभे राहा आणि कण कागदाच्या पुडीत बांधून ठेवा. जळगावला आणायची ठरवली तर पुडीत धातू नसेल तरच चालवत आणा, सावकाश. आदल्या संध्याकाळी आणून माझ्याकडे रात्रभर उभी ठेवा. मला ती सकाळची पहिली तीन मिनिटं ऐकायची आहेत, म्हणून मी येईपर्यंत चावी लावू नका.